माझा वाळवीने खाल्लेला शेवट

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि मला शेवट नाही. शेवट होता, तो वाळवीने खाल्ला. तरीही गोव्यातल्या आमच्या पार्से गावात कुणालाही विचारा, ते सांगतील की या पुस्तकाएवढा गोड शेवट दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला नाही. हे कसं झालं तेच आज सांगते. जरा सैल होऊन बसा.

माझं नाव 'तांडेल आजोबा'. पेडण्याच्या एका शाळामास्तरांनी मला लिहिलं आणि म्हापशाच्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. जुळाऱ्याने शिशाचे खिळे वेचून वेचून माझ्या ओळी लावल्या. बाईंडरने माझे फर्मे शिवले, पाठीला खळ फासली, वर लाल कापड चिकटवलं आणि त्यावर चित्राचं वेष्टन घातलं. खळीत मोरचूद घालायचं असतं, म्हणजे पुस्तकाला कीड लागत नाही. माझ्या वेळी नेमकं मोरचूद संपलं होतं. 'चलता रे!' म्हणत बाईंडरने नुसत्या कणकेच्या खळीवर काम भागवलं. माझ्या पाठीवर कुणाचं तरी जेवण वाढून ठेवलंय, हे तेव्हा मला कुठे ठाऊक!

माझ्या पोटातली गोष्ट अशी. मोरजीच्या किनाऱ्यावर वादळात एक गलबत फुटतं. त्यातून खलाशांचा म्होरक्या, एक म्हातारा आफ्रिकन तांडेल, वाहत येतो. रंगाने काळाभोर, डोक्यावर कापसासारखे केस. केसर नावाची एक लहान मुलगी त्याला पेज पाजते. पुढे दोघं मिळून वाळूतली कासवांची अंडी कोल्ह्यांपासून राखतात. तिला आजोबा नसतो, त्याला नात नसते. गावाला मात्र हा परका माणूस नको असतो. शेवटी सारा गाव देवळासमोर जमतो. गावचा मानकरी उठतो, हात वर करतो आणि म्हणतो...

बस्स. वाळवी इथून पुढे जेवली. जे पान गेलं, ते मलाही आठवत नाही.

सुरुवातीची वर्षं माझी मोठी थाटाची गेली. पार्स्याच्या वाचनालयात मी आले तेव्हा माझ्यासाठी भांडणं होत. बायका मला पदराखाली घेऊन जात आणि माझ्या पानांवर डोळे पुसत. मग नवी पुस्तकं आली, आणि मी मागच्या फळीवर गेले. राहता राहिला माझा जाडपणा. दरवर्षी सरस्वतीपूजेला देवीची तसबीर सरळ उभी राहायला काहीतरी जाड हवं असे. "तो तांडेल आणा रे!" की लागलीच माझी आठवण. मला जमिनीवर ठेवायचे, वर तसबीर, मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि नमस्कार. एका वर्षी पूजा झाली, मुलं आपापली पुस्तकं घेऊन पळाली, तसबीर भिंतीवर गेली, आणि मी तिथेच कोपऱ्यात राहिले, डोक्यावर सुकलेलं फूल घेऊन. एवढ्या जणांनी मला हात जोडले होते, पण उघडून कुणी पाहिलं नाही. खालून वाळवी आली. ती मात्र पानोपान फिरली.

तिथून मला उचललं ते सेजलने. पाचवी-सहावीतली पोर, दोन वेण्या, आणि तोंड असं की एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. तिने माझ्यावरची माती झटकली आणि मला घरी नेलं.

"शी गो बाय! वाळवी घरात हाडलंस?" तिची आई सुलोचना ओरडली.

"वाळवी जेवून गेली, आई. आता मी वाचतंय."

मला तीन दिवस उन्हात घातलं, मगच उंबरा ओलांडू दिला.

आता सिमांवची ओळख करून द्यायला हवी. सिमांव म्हणजे आमच्या गावचा पोदेर, पाव विकणारा. जन्म मोझांबिकचा. पोर्तुगीज फौजेच्या स्वयंपाकघरात कांदे सोलत सोलत तो गोव्यात आला. फौज परत गेली तेव्हा हा तापाने फणफणून म्हापशाच्या एका बेकरीत निजलेला होता. बरा झाला आणि भट्टीवरच राहिला. पुढे नदी ओलांडून आमच्या बाजूला आला. बाकीचे पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येऊ लागले, तरी सिमांव चालतच येई. डोक्यावर टोपली, हातात लोखंडी चकत्या लावलेली बांबूची काठी. छन्न, छन्न आवाज आला की गाव म्हणे, पाव आला. सिमांव आला असं कुणी म्हणत नसे. मुलं मागून त्याच्या रंगावरून 'खाप्री, खाप्री' असं चिडवत. तो वळून एखादं गरम काकण, म्हणजे ती बांगडीसारखी कुरकुरीत पावाची कडी, त्यांच्याकडे फेके. शिव्या देणाऱ्याचं तोंड भरलेलं असलं की शिवी येत नाही, हा त्याचा हिशोब.

एका संध्याकाळी सेजल मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. सिमांव काकण द्यायला वाकला, आणि माझ्या वेष्टनावरचं चित्र बघून तसाच राहिला. चित्रात कापसासारख्या केसांचा एक काळा म्हातारा आणि त्याचं बोट धरून चाललेली एक मुलगी होती.

"हो... हांव?" त्याने आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"नाही, सिमांव आजो. हा तांडेल."

"मग नाक माझं कसं?"

म्हाताऱ्याने आपल्यासारखा चेहरा पुस्तकावर कधी पाहिलाच नव्हता. टोपली खाली ठेवून तो पायरीवर टेकला. "वाच गे, मेनीन," म्हणाला. मेनीन म्हणजे त्याच्या भाषेत मुलगी.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची बैठक भरू लागली. माझी अक्षरं मराठी, सेजल अर्थ सांगायची आपल्या बोलीत, आणि सिमांव हसायचा तो पोर्तुगीजमध्ये. तेव्हा गोव्यात कोकणी की मराठी यावरून घरोघर हमरीतुमरी चालू होती. आमच्या पायरीवर मात्र सगळ्या भाषा दाटीवाटीने बसत आणि कुणाला धक्का लागत नसे. सिमांव टीकाही करी. "तांडेल कसला! मी बोटीतून आलो तेव्हा सगळी वाट ओकत होतो." किंवा, "पेज, पेज, परत पेज! ह्याला पावाचा एक उंडो द्यायला तुझ्या मास्तराचं काय गेलं?" सेजल हसून हसून लोळे. तिला आजोबा नव्हता, हे मी सांगायला नकोच.

मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं. गावात जिलेबी वाटली. सेजलने आपल्या वाट्यातली अर्धी कागदात बांधून सिमांवसाठी ठेवली. "राज्य मोठं झालं म्हणतात," बोटं चाटत तो म्हणाला. "मंडप तेवढाच राहिला."

मंडपाचं असं होतं. सिमांवला कीर्तनाचं वेड. शब्द अर्धेच कळत, पण झांज वाजली, बुवांनी पाऊल टाकलं, की याच्या खांद्यांना पालवी फुटे. एका वर्षी तो टोपली बाहेर ठेवून मंडपाच्या कडेला टेकायला गेला, तर शंभूकाका आडवे आले. शंभूकाका म्हणजे काजूच्या बागेचे मालक आणि देवळाच्या कामात सगळ्यांच्या पुढे. मनाने वाईट नव्हेत. पण रीत म्हणजे रीत. "पाव दिलास मां? आयकायचं तर थंयच्यान आयक," असं म्हणून त्यांनी बाहेरचं आंब्याचं झाड दाखवलं. तेव्हापासून सिमांव आंब्याखाली उभा राहून कीर्तन ऐके. काठीच्या चकत्या वाजून रसभंग नको, म्हणून त्यांना फडकं गुंडाळून ठेवी.

आणि याच शंभूकाकांची त्या उन्हाळ्यात काय फजिती झाली, ऐका! दिवेलागणीला ते डोंगरावरच्या काजूच्या दारूच्या भट्टीवरून उतरत होते. थोडी चाखलेली होती, वाट चुकले. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाचा राखणदार. हातात वाजणारी काठी, दिवा, अंगावर कांबळं. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, अशी श्रद्धा. लोक त्याला वडाखाली रोट ठेवतात, विडी ठेवतात, वहाणा वाहतात. वहाणा झिजल्या, की समजायचं देवचार फिरतो आहे. तर शंभूकाकांना काळोखात छन्न छन्न ऐकू आलं, दिवा हलताना दिसला आणि एक काळी उंच आकृती पुढे आली. काकांनी डोळे गच्च मिटले, ते रस्त्याला लागेपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी वडाखाली रोट, विड्या आणि कोऱ्या करकरीत वहाणा! आमच्या पायरीसमोर उभे राहून सांगत होते, "देवचार बोललो म्हाका! म्हणाला, डोळे उघडशील तर पडशील!"

त्याच संध्याकाळी सिमांव सेजलला सांगत होता, "तुझा शंभूकाका काल वाट चुकला. मी काठीचं टोक हातात दिलं. डोळे मिटून चालतोय! मी म्हटलं, बाब, डोळे उघड, नाहीतर पडशील. तर आणखी घट्ट मिटले."

सेजलने पोट धरलं. पण खरी गंमत पुढेच होती. पावसाळ्यात सिमांव म्हणाला, "मेनीन, वडाखाली कोण तरी वहाणा विसरला आहे. चिखल असला की मी घालतो आणि परतताना जागेवर ठेवतो. अंगठा तुटला होता, मैद्याच्या पोत्याच्या सुतळीने शिवला. दुसऱ्याची वस्तू, नीट ठेवायला हवी."

आणि शंभूकाका गावभर सांगत फिरत होते, "झिजल्या! अंगठा तुटला तो देवचाराने स्वतः शिवून घेतला!"

सेजलने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर काका बिचाऱ्या सिमांवच्या पायांतल्या वहाणाही काढून घेतील, ही तिला भीती.

श्रावणात कीर्तनाचा सप्ताह लागला. सर्वणचे कृष्णनाथबुवा आले. काय सांगू तुम्हाला त्या गळ्याचं! नमन म्हणायला लागले की समईची ज्योतसुद्धा मान डोलावते असं वाटे. भाषेच्या वादावर त्यांना कुणी छेडलं तर म्हणत, "देवाला मराठी कळते, कोकणीही कळते. तुमचं भांडण तेवढं कळत नाही." बुवांचं जेवण सुलोचनेकडे होतं. म्हणून त्यांनी आमची पायरीवरची बैठक पाहिली. बुवांना बघून सिमांव टोपली उचलू लागला.

"बस रे बाबा," बुवा म्हणाले. "ऐकणाराच उठला तर आम्ही कीर्तनकारांनी जायचं कुठे?"

त्या दिवशी आम्ही शेवटच्या, अर्ध्या खाल्लेल्या पानाशी पोचलो होतो. मानकरी हात वर करतो आणि म्हणतो... आणि पुढे भोकं.

"तो राहतो," सेजलने निकाल दिला. "मानकरी म्हणतो, राहा."

"नाही गे," सिमांव हळूच म्हणाला. "तांडेल जातो. लोकांनी ऊठ म्हणायच्या आधी उठावं. मीही सप्ताह झाला की म्हापशाला जाणार आहे. भट्टीवाल्याने एक कोपरा देतो म्हटलंय. बसायला जागा नाही तिथे म्हातारा माणूस किती दिवस उभा राहील?"

  सेजलने मला उचलून बुवांपुढे धरलं आणि ती म्हणाली, "बुवा, तुम्हाला एवढ्या गोष्टी येतात. ह्याचा शेवट सांगा ना! तो राहतो असा सांगा." तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या वेष्टनावर पडलं, नेमकं तांडेलाच्या हातावर.

बुवांनी मला आपल्या उपरण्यात गुंडाळलं. "शेवट माझ्याकडे नाही, बाळे. पण जिथे असेल तिथे उद्या विचारून बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप गच्च भरला. मी बुवांच्या बाजूच्या चौरंगावर, पेटीवाल्याच्या शेजारी. जमिनीवरची पूजा मी पुष्कळ पाहिली होती, चौरंगावर मात्र पहिल्यांदाच बसत होते. पूर्वरंग झाला. परमेश्वर सर्वांभूती आहे, यावर बुवांनी असं निरूपण केलं की शंभूकाकांची मान सगळ्यांत जोरात डोलत होती. बुवांना हार घातला, बुक्का लावला, गजर झाला. उत्तररंगाला लोक सावरून बसले. कुणाला वाटलं प्रल्हाद येणार, कुणाला वाटलं सुदामा. आणि आला तो मोरजीच्या किनाऱ्यावर वाहून आलेला माझा तांडेल!

मित्रांनो, मी आयुष्यभर वाचली गेले, पण गायली गेले ती त्या एकाच दिवशी. बुवांनी गलबत फोडलं तेव्हा तबल्यातून लाटा उसळल्या. केसरने पेज पाजली तेव्हा बायकांच्या नाकांनी सूं सूं केलं. कासवाची पिल्लं पाण्याकडे निघाली तेव्हा पोरं गुडघ्यांवर उभी राहिली. आणि मग बुवा थांबले. झांज थांबली.

"मानकरी उठला. त्याने हात वर केला. आणि म्हणाला..."

बुवांनी मला उघडून सगळ्यांपुढे धरलं. माझ्या फाटक्या पानांतून समईचा उजेड आरपार दिसत होता.

"बघा. पुढचं वाळवीने नेलं."

आधी हशा पिकला, मग कुजबुज. मागून एक म्हातारी कडाडली, "बुवा, तो रवलो काय गेलो, तां सांगा! नाहीतर आरती होऊची नाय!"

"मी सर्वणचा माणूस," बुवा हात जोडून म्हणाले. "पुस्तक तुमच्या गावचं. तुम्हीच ते पूजेला ठेवलंत आणि वाळवीला दिलंत. तेव्हा शेवटही तुम्हीच सांगायचा. बोला, मानकरी काय म्हणाला?"

सगळ्या माना शंभूकाकांकडे वळल्या. मान असणारे तेच होते ना! काका उठले, धोतर सावरलं, घसा साफ केला. "बुवा, आख्यान उत्तम झालं. पण रीत म्हणजे रीत. उपकार वेगळे, बसणं-उठणं वेगळं. आता माझंच घ्या. म्हाका देवचाराने डोंगरावरून उतरवला. मी त्याचा मान ठेवला, वहाणा वाहिल्या. पण म्हणून देवचार काय मंडपात येऊन बसतो?"

"कसा बसेल?" सेजल उभी राहिली.  "तुम्हीच त्याला आंब्याखाली उभा केलात, शंभूकाका."

"कोणाक गो?"

"तुमच्या देवचाराला. रोज उभा असतो. जाऊन त्याच्या पायांत बघा."

सुलोचनेने तिला खाली ओढायला हात पुढे केला आणि अर्ध्यातच राहू दिला. काकांनी खांबावरचा कंदील काढला आणि ते बाहेर गेले. माझं तोंड बुवांनी तिकडेच धरलं होतं, म्हणून सगळं दिसलं. आंब्याखाली सिमांव, बगलेत फडकं गुंडाळलेली काठी, आणि चिखलाने माखलेल्या पायांत त्या वहाणा. अंगठ्याला मैद्याच्या पोत्याची पांढरी सुतळी.

सिमांव गडबडला. "तुझ्या काय रे बाब, ह्यो? मी रोज जागेवर ठेवतो. आज चिखल होता म्हणून..."

 काकांनी काठी घेतली, फडकं सोडलं आणि एकदा हलवली. छन्न.

"ते तूच म्हटलंस? डोळे उघड म्हणून?"

"हो. नाहीतर पडला असतास."

काकांनी कंदील खाली, वहाणांपाशी नेला. 

"वहाणा काढ," काका म्हणाले.

सेजलने दोन्ही हात तोंडावर दाबले. सिमांव वाकला. गुडघे दुखत होते, झाडाला धरून वाकला. वहाणा काढल्या, हातानेच त्यांचा चिखल निपटला आणि काकांच्या पुढ्यात जोडीने ठेवल्या. मग टोपली उचलायला वळला.

"आता खंय चललास?" काका खेकसले, पण खेकसण्यात पाणी होतं. "मंडपात काय वहाणा घालून येतात? काढल्यास मां? मग पाय धू आणि भितर ये. आख्यान खोळंबलंय."

आणि स्वतःच तांब्या घेऊन त्यांनी त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

बुवांनी एक क्षण वाट पाहिली, सिमांव सेजलच्या शेजारी टेकेपर्यंत. त्याच्या कपाळाला बुक्का लावला. काळ्यावर काळा, दिसलाही नाही, पण सिमांवने तिथे किती तरी वेळ बोट ठेवलं होतं. मग बुवांनी झांज उचलली.

"तर मानकरी उठला, त्याने हात वर केला, आणि म्हणाला, 'पाय धू आणि भितर ये!'"

त्या गजरात माझी उरलेली पानंसुद्धा थरथरली. आरतीला उशीर झाला, पण त्याबद्दल म्हातारीने तक्रार केली नाही.

सिमांव म्हापशाला गेला तो एकदाच, मला बाईंडरकडे न्यायला. तिथे ठाण मांडून बसला आणि खळीत मोरचूद घातल्याशिवाय त्याला ब्रश उचलू दिला नाही. माझ्या शेवटी बाईंडरने एक कोरं पान जोडलं. त्यावर सेजलने आपल्या गोल अक्षरात मानकऱ्याचं वाक्य लिहिलं, आणि सिमांवने खाली पीठ लागलेल्या बोटाचा ठसा उमटवला. शंभूकाकांनी म्हाताऱ्याला नव्या वहाणा दिल्या, आणि वडाखालीही नवा जोड ठेवला. "रीत म्हणजे रीत," म्हणाले. "देवचाराला तरी उघड्या पायांनी कित्याक फिरवायचा?" आता तो जोड कसा झिजत नाही, याचीच गावात चर्चा असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं पुस्तक असेल. त्याला जरूर फूल वाहा, पण आधी उघडा. त्याला ऊन दाखवा, खळीत मोरचूद घाला, आणि तसबिरीखाली पाट म्हणून तर मुळीच ठेवू नका. नुसत्या नमस्काराने पुस्तक जगत नाही. आणि तुमच्या दाराशी रोज येणारा माणूसही नुसत्या नमस्काराने आपला होत नाही, त्याला आत बोलवावं लागतं.

मी अजून पार्स्यातच आहे, आता पुढच्या फळीवर. माझं शेवटचं पान बघायला कधीतरी या. तेवढं येताना पाय धुऊन या.